यीस्ट इन्फेक्शन का होतं आणि परत परत होऊ नये म्हणून काय करायचं

गेली अकरा वर्षं मी चिपळूणला मेडिकलच्या काउंटरवर आहे. फार्मसी झालेली आहे, औषधं कळतात, पण मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते. पावसाळा लागला की आमच्याकडे हे दर दोन दिवसांनी होतं, एखादी बाई येते, गर्दी असली तर बाजूला बेबी पावडरच्या डब्यांकडे बघत उभी राहते, सगळे गेले की पुढे येऊन हळू आवाजात म्हणते "ताई, ती खाजेची ट्यूब द्या ना". खाज कुठे येते विचारलं की मान खाली. मग हळूहळू कळतं की पंधरा दिवस झालेत, रात्रीची झोप नाही, लघवीला गेलं की आग होते, आणि घरात कोणाला सांगितलेलं नाही. यातल्या बऱ्याच जणींना मनातून वाटत असतं की आपल्या अंगात काहीतरी घाण आहे, आपलंच काहीतरी चुकलंय. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण चारपैकी तीन बायकांना आयुष्यात कधी ना कधी हे होतंच, आणि त्याचा घाणीशी जवळजवळ काही संबंध नसतो.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. पाव फुगवायला वापरतात तेही यीस्टच, पण ते वेगळ्या जातीचं, त्यामुळे पाव, डोसा, आंबोळी खाल्ल्याने हे इन्फेक्शन होत नाही. आपल्याला त्रास देतं त्याचं नाव कँडिडा, आणि त्यातही बहुतेक वेळा कँडिडा अल्बिकन्स. लॅटिनमध्ये दोन्ही शब्दांचा अर्थ पांढराच, कारण ते वाढतं तिथे पांढरा थर येतो. आता महत्त्वाची गोष्ट अशी की हे कँडिडा बाहेरून येऊन चिकटलेलं नसतं. ते आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या तोंडात, आतड्यात, कातडीवर, योनीमार्गात आधीपासूनच थोडं थोडं राहत असतं आणि वर्षानुवर्षं काही करत नाही. म्हणून "मला हे कुठून लागलं" हा प्रश्न विचारून हाताला काही लागत नाही, उलट नवरा-बायकोत संशय सुरू होतो. प्रश्न असा विचारायचा की एवढे दिवस गप्प बसलेलं हे आत्ताच का वाढलं?

ते गप्प का बसतं ते आधी बघू. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू असतात, डोडरलाइन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९२ सालीच त्यांचं वर्णन करून ठेवलंय. दुधाचं दही करणारे जिवाणू यांचेच भाऊबंद. ते तिथल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात, त्यामुळे ती जागा कायम थोडी आंबट असते, पीएच म्हणजे आंबटपणाचं माप साधारण ३.८ ते ४.५. शिवाय हे जिवाणू जागा अडवून बसतात आणि दुसऱ्यांना फार पसरू देत नाहीत. म्हणजे घरात चांगली माणसं नांदत असली की उपऱ्याला हातपाय पसरता येत नाहीत, तसंच. ही माणसं कमी झाली, किंवा त्या उपऱ्याला खायला भरपूर मिळालं, किंवा आपली प्रतिकारशक्ती ढिली पडली, की कँडिडा रूप बदलतं. एरवी गोल गोल पेशी असतात, त्यांना लांब धागे फुटतात, ते धागे आतल्या नाजूक कातडीत घुसतात आणि कँडिडालायसिन नावाचं एक विष सोडतात, जे शास्त्रज्ञांना २०१६ साली सापडलं. त्यावर आपलं शरीर चवताळून उठतं आणि त्याचीच ती भयंकर खाज, लाली, सूज, आग.

आता हे वाढायची संधी कशी मिळते. पहिलं कारण अँटिबायोटिक. ही गोळी जिवाणू मारते, बुरशीला तिचं काही होत नाही. सर्दी-खोकल्याला म्हणून कोणीतरी पाच दिवसांचं अँटिबायोटिक घेतलं (व्हायरल सर्दीला त्याचा काही उपयोगही नसतो), त्यात ते राखण करणारे लॅक्टोबॅसिलस मेले, आणि गोळ्या संपता संपता खाज सुरू. माझ्याकडे "परत झालं" म्हणत येणाऱ्या बायकांना मी आधी हेच विचारते, गेल्या महिन्यात काही अँटिबायोटिक घेतलं होतं का, आणि उत्तर पुष्कळदा हो असतं, कधी दाताचं, कधी घशाचं, कधी घरात शिल्लक राहिलेलं. गरज असेल तेव्हा अँटिबायोटिक घ्यायलाच हवं, पण मनाने नको, आणि आधी असा त्रास झालेला असेल तर गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगायचं.

दुसरं कारण साखर, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय. डायबेटिस ताब्यात नसला की रक्तात साखर, लघवीत साखर, कातडीवरच्या ओलाव्यातही साखर, कँडिडाला मेजवानीच. काही बायकांना आपल्याला डायबेटिस आहे हे या खाजेमुळेच पहिल्यांदा कळतं. दोन वर्षांपूर्वी एक मावशी वर्षभर येऊन ट्यूब नेत होत्या, पन्नाशी उलटलेली, मी तीनदा सांगितलं साखर तपासा, "मला काही होत नाही गं, मी गोड खातच नाही" म्हणायच्या. शेवटी मुलीने नेऊन तपासली तर उपाशीपोटीची २४० निघाली. डायबेटिसचं औषध सुरू झालं, साखर खाली आली आणि खाज गेली, ट्यूबने वर्षभरात जे झालं नव्हतं ते.

यातच अजून एक गोष्ट हल्ली खूप दिसते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावांच्या डायबेटिसच्या गोळ्या आहेत, पेटंट संपल्यापासून त्या स्वस्त झाल्यात आणि भरपूर लोक घेतात. गोळ्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि किडनीलाही त्यांचा फायदा आहे, पण त्यांचं कामच असं की त्या जादाची साखर लघवीतून बाहेर टाकतात. म्हणजे लघवीच्या जागेला सतत गोड पाणी लागतं. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्या बायकांना आणि पुरुषांनाही खाज, लाली यायचं प्रमाण जास्त असतं. उपाय साधा आहे, दर वेळी लघवीनंतर साध्या पाण्याने धुवायचं आणि टिपून कोरडं करायचं. तरी त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, ते बघतील, पण मनाने गोळी बंद करायची नाही, साखर चढली तर दुखणं अजून वाढेल.

तिसरं हार्मोन. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन जास्त असलं की योनीच्या पेशींमध्ये ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा वाढतो आणि कँडिडाला तो आवडतो. म्हणून गरोदरपणात हे जास्त होतं, जास्त इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी काही जणींना होतं, आणि पुष्कळ जणींना पाळीच्या आधीच्या आठवड्यात त्रास वाढून पाळी आली की कमी झाल्यासारखा वाटतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तेव्हा हे इन्फेक्शनही कमी व्हायला पाहिजे. त्यामुळे साठीच्या बाईला खाली खाज येत असेल तर यीस्ट समजून ट्यूब लावत बसू नये, साखर वाढलेली असू शकते, कोरडेपणा असू शकतो, कातडीचा वेगळा आजार असू शकतो, एकदा डॉक्टरांनी डोळ्यांनी बघायलाच पाहिजे. आईला, सासूला, आत्याला हे आपणहून विचारा, त्या पिढीतल्या बायका मरेपर्यंत सांगणार नाहीत.

प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, म्हणजे बरेच दिवस चाललेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या, केमोथेरपी, किंवा मग एचआयव्हीसारखा आजार, यातही कँडिडा डोकं वर काढतं, ते त्या त्या डॉक्टरांना माहीत असतं.

आता ओल. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर कपडा वाळत नाही हे सांगायला नको. त्यातही घरातले शर्ट-पँट पंख्याखाली, दोरीवर, चुलीच्या उबेला वाळतात आणि बायकांच्या निकर मात्र बाथरूमच्या खिळ्यावर, नाहीतर गाऊनच्या खाली, टॉवेलच्या खाली झाकून, कोणाला दिसू नयेत म्हणून. मग सकाळी अर्धवट ओली तीच घालायची, वरून सिंथेटिक लेगिंग किंवा जीन्स, एसटीत तासभर भिजलेल्या साडीत उभं राहायचं, शेतावर असेल तर लावणीला दिवसभर गुडघाभर पाण्यात. बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही मिळालं. एकट्या ओलीने प्रत्येकीला इन्फेक्शन होतं असं नाही, पण जांघेत, स्तनांच्या खाली, पोटाच्या घडीत जी लाल लाल होऊन चरचरते ती कातडी बहुतेक वेळा ओल आणि घासण्यामुळेच तशी होते आणि मग त्यात कँडिडा वाढतं.

त्यासाठी निकर सुती, फार घट्ट नको, रोज बदलायची, घाम आला किंवा भिजली तर दिवसातून दोनदा. रात्री झोपताना सैल कपडे. वाळत घालताना वर, वाऱ्यात, ऊन असेल तर उन्हात, आणि पावसाळ्यात नाहीच वाळली तर इस्त्री फिरवायची. लाजायचं काही कारण नाही, तो एक कपडाच आहे. मुलगी वयात आली की आपण तिला पॅड कसं लावायचं ते शिकवतो, त्याच दिवशी निकर उजेडात वाळत घालायलाही शिकवूया असं मला फार मनापासून वाटतं. पॅडही ओलं होऊन दिवसभर तसंच ठेवू नका, चार ते सहा तासांनी बदला. आणि अंघोळीनंतर जांघा, स्तनांखालची जागा, बोटांच्या बेचक्या टॉवेलने टिपून कोरड्या करा, रगडायचं नाही.

ओल टाळा म्हटलं की काही जणी उलट टोकाला जातात आणि धुवतच सुटतात. खाज आली म्हणून साबणाने घासणं, पाण्यात जंतुनाशक टाकून आत धुणं, सुगंधी इंटिमेट वॉश, सेंटवालं पॅड, पावडर. यातलं काहीही करू नका. योनीमार्ग आतून स्वतःच साफ होत असतो, तिथे पिचकारीने पाणी मारलं किंवा जंतुनाशक घातलं तर तेच राखण करणारे जिवाणू मरतात आणि नाजूक कातडी जळते, मग अजून खाज, मग अजून धुणं. बाहेरच्या बाजूला साधं पाणी पुरतं. बस.

आता ओळखायचं कसं. यीस्टमध्ये खाज सगळ्यात जास्त, बाहेरची बाजू लाल, सुजलेली, लघवी लागली की झोंबतं, संबंधाच्या वेळी दुखतं, आणि अंगावरून जातं ते पांढरं, घट्ट, फुटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखं, त्याला वास नसतो. कधी कधी पांढरं फारसं जातही नाही, नुसती खाज असते. मासळीसारखा वास येत असेल, पाणी राखाडी, पिवळं, हिरवं, फेसाळ असेल तर ते बहुतेक यीस्ट नाही, तो जिवाणूंचा किंवा ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा त्रास असतो आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं. आणि महिन्याच्या मधल्या दिवसांत थोडं पातळ, बुळबुळीत पांढरं जाणं हे तर आजारच नाही, ती शरीराची रोजची रीत आहे. आमच्याकडे सगळ्यालाच धुपणी म्हणतात, अंगात उष्णता झाली म्हणतात आणि सब्जा, गुलकंद सुरू होतं, ते खाऊन नुकसान नाही पण बुरशी त्याने जात नाही.

मला चेहऱ्यावरून आणि बोलण्यावरून ओळखता येतं असं मलाही पूर्वी वाटायचं. मग वाचलं की अमेरिकेत २००२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, यीस्ट झालंय असं समजून दुकानातून स्वतःच औषध घेणाऱ्या बायकांची तपासणी केली तर तिघींत जेमतेम एकीलाच नुसतं यीस्ट निघालं, बाकीच्यांना दुसरं काहीतरी होतं किंवा काहीच नव्हतं. तेव्हापासून पहिल्यांदा त्रास झालेल्या बाईला मी ट्यूब देत नाही, डॉक्टरकडेच पाठवते. तपासणी अगदी छोटी असते, कापसाच्या काडीने थोडं पाणी घेतात, काचेवर थेंब ठेवून मायक्रोस्कोपखाली बघतात, धागे दिसले की कळतं. वारंवार होत असेल तर कल्चर करतात, म्हणजे लॅबमध्ये ती बुरशी वाढवून कुठल्या जातीची आहे ते बघतात, कारण कँडिडाच्या काही जातींना नेहमीची गोळी लागू पडत नाही.

मेडिकलमधून मिळणाऱ्या दोन गोष्टींपासून मात्र जपा. एक ते तीन-चार गोळ्यांचं किट, ज्यात बुरशीची गोळी, अँटिबायोटिक, ट्रायकोमोनाससारख्या जंतूंवरची गोळी सगळं एकत्र असतं. डॉक्टरांनी तपासून दिलं तर ठीक, पण पांढरं जातंय म्हणून दर महिन्याला स्वतःच घेतलं तर त्यातल्या अँटिबायोटिकनेच पुढचं यीस्ट तयार होतं. दुसरं म्हणजे ती सगळ्यावर चालणारी क्रीम, ज्यात बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टेरॉईड असतं. लावली की दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोकांना फार आवडते, पण स्टेरॉईडने खाज दबते आणि तिथली प्रतिकारशक्तीही दबते, आत बुरशी वाढत राहते, कातडी पातळ होते, जांघेत पांढऱ्या भेगा पडतात त्या परत जात नाहीत. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन असं काही लिहिलेलं दिसलं तर खालच्या नाजूक जागेला मनाने लावू नका. शेजारणीची ट्यूब तर अजिबात नको.

खरा उपचार फार मोठा नसतो. साध्या केसमध्ये डॉक्टर क्लोट्रिमॅझोलची आत ठेवायची गोळी देतात, एक रात्र किंवा सहा-सात रात्री, नाहीतर फ्लुकोनॅझोल १५० ची एक गोळी तोंडाने. गरोदर असाल तर तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल नको, आत ठेवायची गोळी सात दिवस देतात, म्हणून दिवस गेलेत किंवा गेले असण्याची शक्यता आहे हे आधी सांगा. आत ठेवायची गोळी झोपताना ठेवायची म्हणजे बाहेर ओघळत नाही. आत लावायच्या क्रीमने आणि आत ठेवायच्या गोळ्यांनी कंडोमचं रबर कमजोर होऊ शकतं, तेवढे दिवस त्यावर विसंबू नका. बरं वाटलं तरी कोर्स अर्धा सोडू नका. यीस्ट हा लैंगिक रोगांत धरत नाहीत, नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधाची गरज बहुतेक वेळा नसते. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं तर त्याला वारंवार होणारं म्हणतात, तेव्हा आधी साखर तपासतात, मग काही दिवसांचा मोठा कोर्स आणि पुढे आठवड्याला एक गोळी अशी सहा महिने, हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दही खा, पोटाला चांगलं, पण आत लावू नका. लसूण, टी ट्री तेल, व्हिनेगर, बेकिंग सोडा आत ठेवायचे व्हिडिओ फिरत असतात, भाजून आलेल्या बायका मी बघितल्यात. बोरिक ॲसिड डॉक्टर काही ठरावीक केसमध्ये वापरतात, पण ते पोटात गेलं तर विष आहे आणि गरोदरपणात चालत नाही.

हे फक्त बायकांचं दुखणं नाही. पुरुषांना लिंगाच्या टोकाला लाली, खाज, पांढरा थर येतो, पुढच्या कातडीला चिरा पडतात, आणि चिरा पडलेल्या पुरुषाने सगळ्यात आधी साखर तपासावी. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचं नखुरडं, नखाच्या मुळाशी सूज येऊन महिनोन्महिने ठणकणारं, त्यातही सतत पाण्यात हात असल्यामुळे कँडिडा घुसलेलं असतं, तिथे सुती हातमोजा आणि वर रबरी हातमोजा घातला तर फरक पडतो. पायाच्या बोटांतल्या चिखल्यांत कधी कँडिडा, कधी नायट्याच्या जातीची बुरशी, कधी जिवाणू, कधी सगळेच असतात. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरून थुंकून टाकायची, नाहीतर तोंडात पांढरे थर येतात. कवळी रात्री काढून ठेवायची. तान्ह्या बाळाच्या जिभेवर, गालात पुसून न निघणारं पांढरं दिसलं तर ते दूध नाही, कँडिडा असू शकतं, त्यावर मधातून टाकणखाराची लाही लावायची जुनी पद्धत आहे ती कृपा करून बंद करा. टाकणखार बाळाला विषारी आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो. बाळाच्या तोंडाला जे थेंब किंवा जेल लागतं ते डॉक्टर देतात, आणि अंगावर पाजत असाल तर स्तनाग्रं दुखत असल्याचंही त्याच वेळी सांगा, दोघांवर एकदम उपचार लागतात.

डॉक्टरकडे लगेच कधी जायचं तर पहिल्यांदाच होत असेल, गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, घाण वास असेल, रक्त जात असेल, फोड किंवा जखम असेल, डायबेटिस असेल, किंवा औषध घेऊनही दोन महिन्यांच्या आत परत झालं असेल तर.

आणि तिथे गेल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही हे मला माहीत आहे. काउंटरवर येणाऱ्या बायकांना मी कागदाच्या तुकड्यावर लिहून देते, तो तसाच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा म्हणते. तुम्हीही घरून लिहून नेऊ शकता: "आठ दिवस झाले खाली खाज आणि आग आहे. पांढरं घट्ट जातं, वास नाही. पाळी अमुक तारखेला आली होती. मागच्या पंधरवड्यात या या गोळ्या घेतल्या. साखर शेवटची कधी तपासली ते आठवत नाही." एवढं वाचलं की डॉक्टर पुढचं स्वतःच विचारतात.